मोकळा फ्लॅश

ह्या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, की तुमची ओळख आम्ही 'वंचितांचे छायाचित्रकार' अशी देणार आहोत. मी म्हटलं, बाबा रे, असलं काही छापू नका. मी राजारामपुरीत एका दवाखान्याच्या जिन्याखालच्या गाळ्यात आयुष्यभर पासपोर्ट फोटो काढलेला माणूस. लग्नं, बारशी, शाळेची ओळखपत्रं, स्थळासाठी मुलीचा एक उभा आणि एक बसलेला फोटो, ह्यावर माझं घर चाललं. गरिबांचे फोटो मी काढले, त्यांची प्रदर्शनं झाली, एकदा शालही मिळाली. ती अजून कपाटात आहे. पण त्या कामाबद्दल लिहायला बसलो की मला एकच गोष्ट आठवते, आणि ती शाल देण्यासारखी नाही.

त्याआधी आमच्या धंद्यातली एक लबाडी सांगावी लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

तेव्हा रिळाचे कॅमेरे होते. एका रिळात छत्तीस फोटो, आणि लग्नाची ऑर्डर ठरलेली असायची, इतके फोटो म्हणजे इतकेच. पण लग्नघरात मावश्या, आत्या, चुलतभावाच्या मेव्हण्या, सगळ्यांना वाटायचं आपला एक निघावा. "आमचा एक काढा की हो." नाही म्हटलं की रुसवा, आणि रुसव्याचं खापर फोटोवाल्यावर. म्हणून आम्ही सगळेच एक युक्ती करायचो. फ्लॅशच्या पाठीला एक बारीक बटण असतं, फ्लॅश चालतो की नाही ते बघायचं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, "हसा जरा" म्हणायचं, आणि शटर न दाबता ते बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, मंडळी खूश होतात, आणि रीळ जागच्या जागी राहतं. ह्याला आम्ही मोकळा फ्लॅश म्हणायचो. आपला फोटो कुणाच्या तरी अल्बमात आहे अशा समजुतीत असलेल्या कितीतरी आत्या आजही कोल्हापुरात सुखाने नांदत असतील.

लबाडीबरोबर एक सभ्यताही होती, तीही सांगतो. गाळ्याच्या दर्शनी काचेत फोटो लावायचा तर आधी ग्राहकाला विचारायचं. एकदा एका कापडव्यापाऱ्याच्या सुनेचा फोटो फार देखणा आला म्हणून मी न विचारता लावला. दुसऱ्या दिवसापासून तिचे सासरे रोज सकाळी येऊन काचेसमोर नुसते उभे राहायचे. भांडण नाही, शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यानंतर विचारल्याशिवाय मी काचेत कुणाला लावलं नाही. राजारामपुरीतल्या माणसाला, असं म्हणायला हवं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मॅडम माझ्याकडे आल्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाई, डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांसाठी एक छोटी संस्था चालवायच्या. गगनबावड्याच्या बाजूला रानात धनगरवाडे आहेत. सात-आठ गवती छपरं, म्हशी, शेरडं. खालच्या गावापासून दीड-दोन तास पायवाट. पावसाळ्यात ओढा भरला की वरचा माणूस वर आणि खालचा खाली. दुखणाईत माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून खांद्यावरून खाली आणायचं. मॅडमनी रस्त्यासाठी अर्ज करकरून फायली भरल्या होत्या.

"अनंतराव, कागद कुणी वाचत नाही," त्या म्हणाल्या. "लोकांना डोळ्यांनी दिसू दे."

आम्ही गेलो तो श्रावण होता. जीप खालच्या गावात ठेवली आणि जळवा काढत वर पोचलो. कॅमेऱ्याची बॅग दिसली मात्र, सगळा वाडा घरात गडप झाला. मॅडमना वाटलं, बुजले. मला वाटलं, आता काय करायचं. अर्ध्या तासाने एकेक घरातून माणसं बाहेर आली ती ओळखू येईनात. बायकांच्या अंगावर लग्नातली लुगडी, केस तेल लावून चापून बसवलेले. बाप्यांचे धुतलेले पटके. पोरांच्या तोंडाला पावडर इतकी, की ती शिंकत होती. फोटोवाला आलाय म्हटल्यावर माणूस काय करतो, तेच त्यांनी केलं होतं. माझ्या गाळ्यात येणारी प्रत्येक व्यक्ती तेच करते.

सगळ्यांच्या पुढे बयाबाई होती. पंचविशीतली, उंच, आवाज खणखणीत. शेजारी तिचा नवरा बिरू, आणि त्याच्या कडेवर चार वर्षांची भागी. भागीच्या अंगात बाजारातून आणलेला लाल फ्रॉक होता. तो इतका जपून ठेवलेला, की दुकानाची चिठ्ठी अजून बगलेत टाचलेली होती.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. हे फोटो बघून साहेब लोक म्हणतील ह्यांचं तर उत्तम चाललंय, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, मॅडम, काळजी सोडा, हे माझं रोजचंच आहे.

आणि मी त्या सात घरांना मोकळा फ्लॅश मारला.

अगदी साग्रसंगीत. दगडावर घोंगडी अंथरली, म्हाताऱ्यांना बसवलं, हनुवट्या वर करायला लावल्या, पदर सारखे केले. ढग खाली उतरलेले, त्यामुळे उजेड असा पडायचा की लांबची म्हैससुद्धा मान वर करायची. बयाबाई, बिरू आणि मध्ये भागी, असे तिघे उभे राहिले. पहिल्या उजेडाला भागी दचकली, आणि मग खदखदून हसली. म्हणाली, "पुन्यांदा." मी पुन्हा बटण दाबलं. फुकटच्या उजेडाला माझं काय जात होतं? तीनदा दाबलं. तीनदा हसली.

फोटो झाले, लोकांनी कपडे उतरवून ट्रंकेत ठेवले, आणि रोजच्या कपड्यांत कामाला लागले. तेव्हा मी शटर दाबायला सुरुवात केली. मॅडम खूश, वाडा खूश. उतरताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. बिरूने विचारलं फोटो कधी मिळतील, मी म्हटलं, धुवून झाले की देतो.

दुसऱ्या दिवशी राहिलेलं काम करायला पुन्हा वर गेलो, तर भागीला सणकून ताप. बिरू म्हशींमागे रानात गेलेला, आणि बयाबाई पोरीला खांद्यावर टाकून खाली निघालेली. मॅडम म्हणाल्या, चल, खाली जीप आहे. पाऊस धो-धो कोसळत होता. एका निसरड्या वळणावर मी भराभर पुढे उतरलो, मागे वळलो आणि एक फोटो काढला. एकच.

तो फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. बाई घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन चिखलातून उतरतेय. लुगडं फाटलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल, दात आवळलेले, नजर सरळ कॅमेऱ्यात. खोळीच्या आत खांद्यावर पोर आहे, पण दिसत नाही. खोळीच्या काठाखाली फक्त एक इवलंसं पाऊल लोंबतंय.

जीपमधून आम्ही त्यांना दवाखान्यात पोचवलं. चार दिवसांत भागी बरी झाली.

कोल्हापुरात प्रदर्शन भरलं. लोक आले, काही बायकांचे डोळे भरून आले, एका महिला मंडळाने तिथल्या तिथे साड्या गोळा केल्या. एक प्रमुख पाहुणे बयाबाईच्या फोटोशेजारी उभे राहून मला म्हणाले, आमचा हिच्याबरोबर एक काढा. त्यांना मी मोकळा फ्लॅश दिला, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्या फोटोचं पोस्टर निघालं, पंचायत समितीपासून कॉलेजांपर्यंत लागलं. मॅडम ते पोस्टर घेऊन ऑफिसांतून बसून राहायच्या. शेवटी रस्त्याची मोजणी झाली. फोटोने रस्ता आणला, असं लोक म्हणतात. मी ते नाकारत नाही. नंतर पुष्कळ ठिकाणी मला असल्या कामाला बोलावलं. एका वर्षी शिरोळकडे पूर आला, तेव्हा एका पुढाऱ्याने एकाच म्हातारीला तेच ब्लँकेट तीनदा दिलं, कारण दोनदा त्यांचं तोंड नीट येत नव्हतं. म्हातारी प्रत्येक वेळी हात जोडत होती. असं बघून बघून माणूस थकतो. पायांनी कमी, आतून जास्त.

वाड्यावर गेलो त्याच वर्षी दिवाळीत बिरू माझ्या गाळ्यात आला. पळसाच्या पानात लोण्याचा गोळा घेऊन आला होता. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, फोटो न्यायला आलोय. मी धंद्यातलं ठरलेलं उत्तर दिलं, रिळाला उजेड लागला, सगळं जळलं. बिरू मलाच धीर देत म्हणाला, "असूं द्या. तुमी तरी काय करणार? पुन्यांदा या की."

मी येईन म्हटलं. लग्नसराई लागली आणि राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात भागी गेली. असाच ताप होता. ओढा दोन दिवस उतरला नाही. रस्त्याच्या खुणेचे दगड वाटेवर रोवलेले होते, काम सुरू व्हायचं होतं. मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा मी एका मुलाचा पासपोर्ट फोटो काढत होतो. काढला. कान दिसतायत का बघितलं आणि पुन्हा एकदा काढला.

दोन महिन्यांनी बयाबाई आली. बरोबर तिचा भाऊ, तो कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात वाढप्याचं काम करायचा. मी स्टूल पुढे केलं, ती खाली फरशीवर बसली. म्हणाली, भागीचा फोटो द्या. घरात पोरीचा एकही फोटो नव्हता, कधी काढलेलाच नव्हता. त्या दिवशी काढला तेवढाच.

मी तेच उत्तर दिलं. ते किती गुळगुळीत झालं होतं ते मला तेव्हा कळलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आवो, पर उजेड पडला व्हता की. म्या बगितला. पोरीच्या तोंडावर पडला. तीन डाव पडला."

भाऊ भिंतीकडे बघत होता. काहीतरी द्यायला हवं म्हणून मी कपाटातून ते पोस्टर काढलं आणि तिच्यापुढे उलगडलं. तिने ते पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्या जिल्ह्याने बघितलं होतं. स्वतःकडे तिने फारसं लक्ष दिलं नाही. खालच्या मजकुरावरून, चिखलावरून, खोळीवरून बोट फिरवत विचारलं, "ह्यात भागी कुठाय?"

मी पाऊल दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग पोस्टरची सुरळी करून काखेत घेतली आणि जिन्याखालून वाकून बाहेर पडली. चहा घेतला नाही. तिचा तो चेहरा मी सगळ्या गावाच्या भिंतींवर लावला होता आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. त्या सुनेच्या सासऱ्यांना काचेसमोर येऊन उभं राहता आलं होतं. हिला दीड तास उतरून, एसटी धरून यावं लागलं असतं, आणि मुळात माहीतच नव्हतं.

मी दुकान बंद केलं नाही की कॅमेरा फेकून दिला नाही. दुपारी एक साखरपुडा होता, तिथे गेलो. पण मोकळा फ्लॅश मात्र त्यानंतर माझ्याच्याने झाला नाही. मावश्यांना सरळ नाही म्हणायला लागलो आणि दोन-चार ऑर्डरी गमावल्या.

रस्ता व्हायला आणखी दोन वर्षं गेली. मुरुमाचा, पण जीप ओढ्यावरून थेट वाड्याच्या खालच्या वळणापर्यंत जायला लागली. मॅडमना आता 'रस्ता झाल्यावर' असे फोटो हवे होते, आधीचे आणि नंतरचे शेजारी-शेजारी लावायला. मी टाळाटाळ केली. त्या म्हणाल्या, "अनंतराव, आणखी चौदा वाडे आहेत." मी बॅग भरली.

सकाळभर फोटो काढले. रस्त्याने जाणारी पोरं, दुधाच्या किटल्या, दवाखान्याची गाडी. तीसेक फोटो झाले असतील, चांगले झाले होते. बयाबाईच्या घरापाशी मी मुद्दाम शेवटी गेलो. ती दारातच उभी होती. लग्नातलं लुगडं, तेल लावलेले केस. हातात तो लाल फ्रॉक, घडी घातलेला. चिठ्ठी तशीच.

म्हणाली, "ह्याच्यासंगं काढा."

मी कॅमेरा उचलला. तेव्हा तिने हात पुढे करून लेन्सवर पंजा ठेवला. रागाने नाही, म्हशीला थोपवतात तसा.

"ह्या खेपेला आत रीळ हाय न्हवं?"

म्हणजे तिला माहीत होतं. नंतर तिनेच सांगितलं, भाऊ कार्यालयात रोज फोटोवाल्यांना बघायचा, त्याने माझ्या गाळ्यातून बाहेर पडल्यावर एसटी स्टँडवर तिला सगळं सांगितलं होतं. दोन वर्षं तिने ते मनात ठेवलं, आणि त्या सकाळी मी वाड्यावर आलो तेव्हा मला ताक दिलं.

मी म्हणू शकलो असतो, आहे, शपथ. पण माझ्या शब्दावर तिने विश्वास का ठेवावा? कॅमेऱ्याची पाठ उघडायची नसते, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. भरलेलं रीळ उजेडात उघडलं की आतलं सगळं गेलं. मी खटका ओढला आणि तिच्यासमोर भर दुपारी कॅमेऱ्याची पाठ उघडली. आतली फिल्म तिला दाखवली. तिने वाकून पाहिली, बोट लावून पाहिलं.

मागून मॅडम "अनंतराव, अहो" एवढंच म्हणाल्या. सकाळचं सगळं काम गेलं होतं. ह्या खेपेला रिळाला खरंच उजेड लागला होता.

ते रीळ काढून मी दगडावर ठेवलं. नवीन रीळ तिच्या डोळ्यांदेखत डब्यातून काढलं, भरलं, पाठ मिटवली. हे सगळं करताना मी तिला सांगून टाकलं, की त्या दिवशी मी शटर दाबलंच नव्हतं, रीळ वाचवलं, आणि भागीचा फोटो कधी निघालाच नव्हता. माफी मागितली की नाही ते आठवत नाही. मागितली असावी.

बयाबाई म्हणाली, "ठाव हाय मला. काढा आता."

काढला. एक नाही, चार काढले. ती ताठ उभी होती, फ्रॉक छातीशी धरलेला, हनुवटी वर. मला काही सांगावं लागलं नाही. मॅडम परत जाताना जीपमध्ये म्हणाल्या, तो फोटो प्रदर्शनात फार मोठं काम करेल. मी म्हटलं, तो ग्राहकाचा फोटो आहे, त्यांना विचारा. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं. बयाबाई नको म्हणाली. मॅडमनीही पुन्हा विषय काढला नाही. त्या भल्या बाई होत्या. वाड्यांसाठी झिजल्या आणि गेल्या.

फोटो मोठा करून, फ्रेम घालून मी स्वतः वर घेऊन गेलो. बयाबाईने खिळा आधीच ठोकून ठेवला होता. बिरूने फ्रेम लावली. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला, आणि मग त्या खिळ्याच्या खाली भिंतीवर आणखी एक चौकट दिसली. तळहाताएवढी, बांबूच्या कामट्यांची, वर काच नाही.

माझं पोस्टर होतं ते. बयाबाईने त्यातली सगळी बाई कापून टाकली होती. चिखल नाही, खोळ नाही, फाटकं लुगडं नाही, ज्या नजरेची पेपरांत एवढी वाखाणणी झाली तीही नाही. फक्त ते इवलंसं पाऊल ठेवलं होतं, त्याला हळदीकुंकू लावलेलं.

मी बघत उभा राहिलो. मागून बयाबाई म्हणाली, "वरची फ्रेम सरळ हाय का बगा, पावणं. तुमचं काम हाय ते."

डाव्या बाजूला किंचित कलली होती. मी ती सरळ केली.